गोव्यातल्या जुन्या चर्चची कमानी छतं: आतल्या रंगाआधी वरचं पाणी बघा

चुनेवाला_फोंडा

नमस्कार मंडळी. सासष्टीतल्या एका गावच्या जुन्या चर्चचं काम निघालंय. छत दगडी, कमानीचं. आतून गिलाव्याचे पोपडे पडतात, पावसात ओल उतरते, म्हणून गावाने वर्गणी काढली. आलेल्या सगळ्या कोटेशनांत पहिली ओळ तीच: आतला जुना गिलावा काढणे, सिमेंटचा नवा करणे, पुट्टी, रंग. छताच्या पाठीवर चढून कोणी पाहिलेलं नाही. मी चुन्याची कामं करतो, म्हणून मत विचारायला मला बोलावलं. गोव्यात अशी छतं पुष्कळ आहेत आणि त्यांची दुरुस्ती बहुतेक एकाच जागी फसते. ओल खाली दिसते म्हणून पैसा खाली खर्च होतो, आणि दुखणं वरच राहतं.

आधी हे छत उभं कसं राहतं ते सांगतो. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल घ्या. काम १५६२ साली सुरू झालं आणि इमारत १६१९ पर्यंत उभी राहिली. मधल्या लांब दालनावर अर्धगोल छत आहे, आणि आडवं दालन जिथे त्याला छेदतं तिथल्या छताला दगडी फासळ्या आहेत. यात तुळई नाही, लोखंड नाही. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो, आणि तो दाब उतरत उतरत भिंतीवर येतो. पण सरळ खाली येत नाही, तिरका येतो, म्हणजे छत भिंतींना सतत बाहेर रेटत असतं. कमान जितकी बसकी तितका रेटा जास्त. म्हणून भिंती एवढ्या जाड, आणि म्हणूनच धिरे, म्हणजे भिंतीला तो रेटा पेलायला आधार देणारे जाड दगडी टेकू. सांता मोनिका कॉन्व्हेंटला बाहेरून लावलेले धिरे रस्त्यावरूनही दिसतात. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये ते आत घेतलेत. बाजूच्या छोट्या चॅपलांच्या मधल्या ज्या भिंती आहेत, फुलापानांच्या नक्षीने रंगवलेल्या, त्याच धिऱ्याचं काम करतात. लोक नक्षीचे फोटो काढतात. त्या भिंती काय तोलून धरताहेत हे तिथे कोणीतरी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि दुर्लक्ष झालं तर काय होतं ते त्याच आवारापासून थोडं वर, मोंते सांतोवर उभं आहे. सेंट ऑगस्टीनचं चर्च १५९७ ते १६०२ मध्ये बांधलं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना बाहेर काढलं आणि इमारत ओस पडली. १८४२ मध्ये छत कोसळलं. सातच वर्षं! दोनशेहून जास्त पावसाळे काढलेलं छत, कौलं परतायला आणि पन्हळी साफ करायला माणूस राहिला नाही म्हणून सात वर्षांत गेलं. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला, १९३८ मध्ये आणखी काही भाग. आज ४६ मीटरचा एक मनोरा तेवढा शिल्लक आहे, त्याचाही अर्धाच.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे कमानी छताचा विचार पाण्यापासूनच सुरू करावा लागतो. ज्यांना अनुभव असेल त्यांनी लिहा.

---

आनंदी_म्हापसा

फार चांगला धागा. एक विचारते. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या छताबद्दलही मध्ये बरंच छापून येत होतं, गळतं म्हणून. ते पण असंच कमानी छत का? आणि तिथले चिरे, म्हणजे जांभा दगड, उघडे का ठेवलेत? लहानपणापासून तसंच बघतोय, त्यामुळे ते मुळातच तसं असेल असं वाटायचं.

---

चुनेवाला_फोंडा

आनंदीताई, बॉम जेझूच्या मुख्य दालनावर लाकडी छत आहे, वर कौलं. १५९४ ला काम सुरू झालं, १६०५ ला चर्च प्रतिष्ठापित झालं. तिथला प्रश्न वासे, रिपा आणि कौलं यांचा आहे, कमानीचा नाही.

उघडे चिरे मुळातले नव्हेत. गोव्यातल्या बाकी चर्चांसारखाच त्यालाही बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्याने तो काढला. इमारत जुनी, भारदस्त दिसावी हा हेतू. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा थेट चिऱ्यावर पडतोय. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर घट्ट होतो, हे आपल्याकडे घर बांधणारा प्रत्येक जण जाणतो. पण त्याला भोकं असतात आणि तो पाणी पितो. चुन्याचा गिलावा म्हणजे त्याची कातडी. ती वर्षानुवर्षं झिजते, आपण पुन्हा लावतो, आतला दगड शाबूत राहतो. परत गिलावा करावा का यावर दोन बाजू आहेत, कारण आता लाल चिऱ्याचं रूपच लोकांच्या डोळ्यांत बसलंय. माझं मत विचाराल तर गिलावा करावा. फोटोपेक्षा भिंत महत्त्वाची.

---

स्ट्रक्चरवाला

पुण्याहून वाचतोय. मी स्ट्रक्चरल ऑडिटची कामं करतो, जरा भर घालतो.

कमानी छतात भेग दिसली की लोक घाबरतात आणि पहिल्यांदा ती भरून टाकतात. असं करू नका. भिंती शतकभरात किंचित बाहेर झुकल्या तर छताला तेवढं पसरावं लागतं, आणि ते पसरतं ते भेगा देऊन. माथ्यावर भेग आतल्या अंगाने उघडते, आणि दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर, म्हणजे कमान भिंतीकडे वळते तिथे, पाठीवरून उघडते. खालून तुम्हाला फक्त माथ्याची दिसते. अशा तीन भेगा असलेली कमान शेकडो वर्षं उभी राहू शकते. तिने नव्या रुंदीशी जमवून घेतलेलं असतं. प्रश्न भेग आहे का हा नसून ती अजून वाढतेय का हा असतो.

ते बघायची पद्धत स्वस्त आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवा, शेजारी तारीख लिहा. पट्टी गिलाव्यावर नको, गिलावा खरवडून दगडावर लावा, नाहीतर गिलाव्याची हालचाल मोजाल. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. काच तडकली तर हालचाल चालू आहे. शाबूत राहिली तर निम्मी काळजी मिटली.

ही समज जुनी आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये मांडलं की लोंबती साखळी जो आकार घेते तोच उलटा केला की कमानीचा निर्धोक आकार मिळतो. रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला भेगा गेल्या तेव्हा पोलेनी या इटालियन गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यात हीच साखळी टांगून घुमट तपासला. घुमट सुरक्षित आहे असं ठरवलं आणि खबरदारी म्हणून आणखी लोखंडी कडी घालायला सांगितली. तो घुमट अजून उभा आहे. काँक्रीटचा थर ओतायची गरज कोणाला पडली नाही.

---

बांधकाम_बाब

मी मडगावला कंत्राटं घेतो. चुनेवाला बाब, तुमचं बरोबर असेल, पण गावची अडचण पण बघा. चुन्याचे गवंडी मिळत नाहीत. मिळाले तर दोन-तीन वर्षं आधी बुकिंग असल्यासारखे. सिमेंटचा गिलावा आठवड्यात तयार होतो, चुन्याला महिने लागतात. तोपर्यंत चर्च बंद ठेवणार? लग्नं आहेत, फेस्त आहे, नोव्हेना आहेत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी पेन्शनमधून पैसे दिलेत, त्यांना या वर्षी काम झालेलं दिसायला हवं. वॉटरप्रूफिंगचं चांगलं केमिकल आलंय, गॅरंटी देतात. सगळंच सिमेंट वाईट असं नसतं.

---

चुनेवाला_फोंडा

बाब, तुम्ही मांडलेल्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या मीही रोज भोगतो. सिमेंटशी माझं वैर नाही. नवीन पॅरिश हॉल बांधायचा तर सिमेंटच वापरीन. पण चिऱ्याच्या कमानीवर ते का नको ते सांगतो.

चिऱ्यात आणि चुन्याच्या सांध्यात पाणी कुठून ना कुठून शिरतंच. चुना ते बाहेर सोडतो. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि घट्ट असतं, ते सोडत नाही. मग पाणी सिमेंटच्या मागे साठतं, क्षार घेऊन दगडातूनच वाट काढतं, आणि वाळताना ते क्षार दगडाच्या आत स्फटिक होऊन त्याला भुगा करतात. वर्षा-दोन वर्षांनी सिमेंटचा आख्खा पापुद्रा सुटतो, तो सुटताना चिऱ्याचा थर घेऊन येतो. याच चर्चमध्ये एका बाजूच्या चॅपलवर मागे कोणीतरी तसं केलेलं आहे. तिथला गिलावा बोटाच्या पेराने वाजवून बघितला. जिथे चुना शिल्लक आहे तिथे भरीव आवाज, सिमेंटच्या जागी सगळीकडे पोकळ. एक तुकडा हाताने निघाला. मागे चिऱ्याची लाल माती ओली होती, आणि हे मी बघितलं मार्चमध्ये, म्हणजे पाऊस थांबून पाच महिने झाले होते.

वजनाचंही आहे. इटलीत असिसीला सेंट फ्रान्सिसच्या वरच्या बॅसिलिकेत २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात छताचे दोन भाग कोसळले. आधीच्या धक्क्याने झालेलं नुकसान पाहायला आत गेलेले चौघे जण त्याखाली गेले. नंतर कळलं की शतकानुशतकं कौलं दुरुस्त करताना पडलेला राडारोडा कमानीच्या खांद्यांवर साचत गेला होता, कोणी उचलला नव्हता. सुटी भर ती, हादऱ्याबरोबर सरकली आणि छताला वाकवून गेली. दुरुस्ती करताना पहिलं काम ते सगळं उपसायचं केलं. मग छताच्या पाठीवरून हलक्या, कृत्रिम धाग्यांच्या पट्ट्यांच्या फासळ्या बसवल्या. खालून तुकडे तुकडे झालेली चित्रं जुळवली. बॅसिलिका नोव्हेंबर १९९९ मध्ये पुन्हा उघडली.

आपल्याकडे वॉटरप्रूफिंग म्हणून छतावर आधी विटांचे तुकडे, मग सिमेंटचा जाड थर, दहा वर्षांनी गळलं की त्यावर आणखी एक थर असं चालतं. गॅरंटी केमिकलची असते, कमानीची नसते.

---

रेखा_प्रियोळ

वाचताना आमच्या मंगेशीची आणि कवळ्याच्या शांतादुर्गेची आठवण झाली. १७३८ च्या सुमारास बांधलेल्या शांतादुर्गेच्या देवळावरचा घुमट, गोल कमानीच्या खिडक्या, हे सगळं चर्चबरोबर बघितल्याशिवाय कळत नाही. तिकडे पाया घालणारे, चिरे तासणारे, चुना मळणारे हात इथलेच होते. इकडे देवळं नव्याने उभी राहिली तेव्हा तेच कसब घेऊन आले. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत गवंडीकाम होतं. देवळाच्या घुमटाला चुना काढायचा असला की आधी घुमट धुवायचा, मग तो ओला असतानाच पातळ चुना द्यायचा, कोरड्यावर दिला तर भुकटी होऊन उडतो, हे घरात ऐकलेलं. चर्चच्या छताची काळजी ही फक्त कॅथलिक लोकांची गोष्ट आहे असं कोणी समजू नये. हे आपल्या सगळ्यांच्या कारागिरांचं काम आहे.

---

चुनेवाला_फोंडा

रेखाताई, अगदी मनातलं बोललात. माझ्याबरोबर काम करणारे दोघे गवंडी देवळांचे घुमटही करतात. हात तोच.

---

वसईचा_वारा

आमच्या वसईच्या किल्ल्यात नुसते सांगाडे उरलेत. १७३९ नंतर वस्ती उठली, छपरं गेली, आणि उरलेल्या भिंतींवर वड-पिंपळांनी ठाण मांडलं. तरी बाजूच्या चॅपलांच्या कमानींत अजून गिलाव्याची नक्षी दिसते, ती बघून जीव हळहळतो. दोन प्रश्न. भिंतीत मूळ गेलेलं झाड कसं काढायचं? आणि चुना तयार कसा करता ते जरा सविस्तर लिहाल का? आमच्याकडे काही तरुण मुलं शिकायला तयार आहेत.

---

चुनेवाला_फोंडा

झाड कधीही ओढून काढू नका. मूळ सांध्यातून गेलेलं असतं, ओढलं की दगड घेऊन येतं. बुंध्याशी कापा, कापलेल्या जागी भोकं पाडून झाड मारणारं औषध भरा, मूळ मरून आक्रसू द्या. नंतर पोकळी चुन्याने भरायची. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या इमारतीवर मात्र स्वतः हात लावू नका. अर्ज द्या, पाठपुरावा करा.

आता चुना. किनारपट्टीला पूर्वी शिंपल्यांचाच चुना असे. भट्टीत शिंपले भाजले की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, वाफा निघतात, अंगावर उडाला तर भाजतं. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणाला जवळ येऊ देऊ नका. नेहमी पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. विझलेला चुना गाळून टाकीत पाण्याखाली ठेवायचा, निदान काही महिने. हवा लागू द्यायची नाही, कारण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच घट्ट होतो. मुरलेला चुना थापीवर लोण्यासारखा पसरतो, खडा लागत नाही. तेव्हा तो कामाला योग्य.

मग धुतलेली, मीठ नसलेली वाळू. किनाऱ्यावरची अजिबात नको. चुना मळायच्या घाणीत मळायचं, घाणी नसली तर फावड्याने उलटसुलट करत भरपूर कुटायचं. गूळ आणि हिरड्याचं पाणी जुने लोक घालत. काम सोपं होतं, तडे कमी जातात. पण ते घातलं म्हणजे खराब चुना चांगला होतो असं नाही, आणि जास्त गूळ घातला तर मुंग्या आणि बुरशी येते.

गिलावा पातळ थरांत द्यायचा. एक थर बसल्याशिवाय दुसरा नाही. वर ओलं गोणपाट, उन्हापासून आडोसा. घाईने वाळलेला चुना घट्ट होत नाही, नुसता सुकतो. गोव्यात आम्ही दिवाळी ते शिगमा एवढाच काळ गिलाव्याला धरतो. पुढे ऊन कडक होतं, आणि मग पाऊस येतो.

---

स्ट्रक्चरवाला

कमानीतले सांधे मोकळे झाले असतील तर त्याबद्दलही लिहा ना. तिथे लोक प्रेशर ग्राउटिंगचं, म्हणजे फटींत दाबाने पातळ मसाला भरायचं मशीन लावतात, त्याची मला भीती वाटते.

---

चुनेवाला_फोंडा

रास्त भीती आहे. दाबाने ग्राउट मारलं तर मोकळे दगड ढकलले जातात. आम्ही आधी खालून सेंटरिंगचा, म्हणजे तात्पुरत्या सांगाड्याचा आधार देतो, छताला नुसता टेकेल असा, उचलणारा नाही. खाली लाकडी पाचरी असतात. सांध्यातली माती आणि मेलेला चुना हाताने काढायचा, पाणी मारून धुवायचं, मोठ्या फटीत चिऱ्याच्या चिपा बसवायच्या. मग खांद्यापासून माथ्याकडे, दोन्ही बाजूंनी सारखं चढत, चुन्याचं पातळ ग्राउट नळीतून स्वतःच्या वजनाने जाऊ द्यायचं. शेजारच्या फटीतून ते बाहेर डोकावलं की थांबायचं. सेंटरिंग काढताना पाचरी एकदम नाही ठोकायच्या, सगळ्या थोड्या थोड्या सैल करायच्या, काही दिवसांनी परत थोड्या. छत स्वतःचं वजन हळूहळू घेतं. त्या वेळी बारीक आवाज येतात, केसाएवढ्या भेगा पडतात, ते चालायचंच.

---

चुनेवाला_फोंडा

मंडळी, खबर द्यायची होती. गावाच्या समितीबरोबर बैठक झाली आणि अखेर परांची बांधून आम्ही छपरात गेलो.

कमानीची पाठ आणि कौलं यांच्या मध्ये माणूस वाकून चालेल एवढी पोकळी आहे. आत वटवाघळं, आणि दोन्ही खांद्यांत फुटक्या कौलांचा खच, जुन्या दुरुस्त्यांची माती, कुजलेल्या रिपा. भिंतीलगतची पन्हळ पूर्ण बुजलेली, तिच्यात पिंपळाचं रोप. पावसाचं सगळं पाणी त्या राड्यात शिरायचं आणि स्पंजाने धरून ठेवावं तसं पुढचे महिनेभर छतावर झिरपायचं. समितीतले एक वयस्क गृहस्थ स्वतः वर आले, हाताने ती माती दाबून बघितली, पाणी निघालं. त्यानंतर कोटेशनवर फार चर्चा करावी लागली नाही.

बांधकाम_बाबांनी परवा फोन केला होता, ते इथे लिहायला हरकत नाही म्हणाले. माणसं आणि परांची ते देणार आहेत. राडा उपसताना दोन्ही बाजूंनी सारखा उपसायचा, एका बाजूचा आधी नाही, नाहीतर एका खांद्यावरचं वजन उतरतं, दुसऱ्यावरचं राहतं आणि कमान तिरकी रेटली जाते. खाली जो पक्का दगड-चुन्याचा भराव आहे त्याला हात लावायचा नाही, तो मूळचा आहे आणि कमानीला धरून आहे. सुटं तेवढंच काढायचं. मग पन्हळ, रिपा, कौलं. माथ्याच्या भेगेवर काचपट्ट्या लावल्या आहेत.

आतला गिलावा आणि रंग या वर्षी नाही. छत आतून वाळायला एक पूर्ण उन्हाळा तरी द्यायचा, मग जिथे पोकळ वाजेल तेवढाच भाग काढायचा. फेस्त व्यवस्थित होईल, परांची बाहेरून आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांना दाखवायला आम्ही छपरातले फोटो चर्चच्या दारात लावतोय, आधीचे आणि नंतरचे.

---

आनंदी_म्हापसा

फोटो इथेही टाका. आणि आमच्या गावच्या चॅपलमध्ये वर चढायला दारच सापडत नाही, ते कुठे शोधायचं?

---

चुनेवाला_फोंडा

बहुतेक ठिकाणी वाट घंटेच्या मनोऱ्यातून असते. गायकांच्या सज्जाच्या पातळीच्या वर एखादं छोटं दार किंवा बुजवलेली खिडकी बघा. नसेल तर मागच्या बाजूने शिडी लावून दोन-चार कौलं काढा आणि बॅटरी घेऊन आत डोकवा. एकट्याने जाऊ नका, पायाखालचं लाकूड कुजकं असू शकतं, आणि वटवाघळं असतील तर तोंडाला मास्क बांधा. हे काम मिरगाच्या आधी करा.

---

वसईचा_वारा

चुन्याची टाकी खणायला घेतली आहे. मुलांना तुमच्याकडे गिलाव्याच्या वेळी पाठवलं तर चालेल का?

---

चुनेवाला_फोंडा

दिवाळीनंतर पाठवा. राहायची सोय गावात होईल, समितीला विचारून ठेवतो. येताना जुने कपडे आणायला सांगा, आणि टाकीतला थोडा चुना डब्यात, वर पाणी ठेवून. कसा विझलाय ते बघू.